दुलीचंदचा तीन चाकांचा बैल

पोळ्याच्या दिवशी दुपारी सारं गाव बैलांची शिंगं रंगवत होतं आणि दुलीचंद विहिरीजवळच्या चिखलात उभा राहून एका मशीनची दोरी ओढत होता.

"ऊठ माय, ऊठ. आज तरी इज्जत राख."

मशीन ढिम्म.

मशीन म्हणजे तीन फुगीर टायरांची, मोटारसायकलसारख्या हँडलाची विदेशी गाडी. जमिनीत तांबं शोधायला आलेल्या सर्व्हेवाल्यांनी जीप रुतेल तिथे ती फिरवली आणि काम संपल्यावर भंगारात काढली. दुलीचंद त्यांचा चौकीदार. निघताना बाकीच्यांनी खाटा नेल्या, पिंपं नेली. यानं ही तिनचाकी आणली. बायको ललिता दारातच उभी राहिली होती. "खाटा आणाच्या सोडून हे काय आणलं?" तर म्हणाला, "खाटीवर झोपता येते. खाट चिखलातून चालते का?"

माणूसच तसा. हसणाऱ्याला आधी पाणी पाजणारा आणि मग आपलंच खरं करणारा.

मागच्या वर्षी त्याच्या जोडीतला एक बैल म्हातारपणानं गेला. एकटा राहिलेला दुसरा त्यानं मेव्हण्याच्या गोठ्यात दिला. यंदा लावणीच्या दिवसांत धानाच्या रोपांच्या पेंढ्या तिनचाकीनंच बांध ओलांडून वाहिल्या. तेव्हा चावडीवर बसल्या बसल्या दुलीचंद म्हणाला, "कष्ट हिनं केले. मंग पोळ्यात हिलेच उभी करतो."

चावडी खो खो हसली. घनश्याम पटेल मात्र हसला नाही. पोळ्याचं तोरण बांधायचा आणि शेवटी तोडायचा मान त्याचा. मिशीवर बोट फिरवत तो म्हणाला, "आण ना. पण आपल्या पायानं आली पायजे. ढकलत आणशीन तं रांगेच्या भायेर."

"हौ, कबूल!"

कबूल करून बसला खरा. कळायला लागल्यापासून दुलीचंद पोळ्याच्या रांगेबाहेर कधी उभा राहिला नव्हता. बैल नाहीत म्हणून बघ्यांच्या घोळक्यात, कडेवरच्या लेकरांत उभं राहायचं, हे त्याच्या घशाखाली उतरेना. आणि आज सकाळी मशीन घरापासून विहिरीपर्यंत आली, आचका दिला आणि गप्प झाली.

लामत्याच्या बाजारात मोटारपंप दुरुस्त करणारा महेंद्र सणासाठी गावी आला होता. तो पान्हा घेऊन आला. आल्या आल्या टाकीचं झाकण फिरवलं, आत डोकावला.

"पेट्रोल तो है, काका." झाकण घट्ट लावलं, प्लग काढला, पँटीला पुसला. "देखो, कितना काला है! मी साफ केला, आता ओढा."

दुलीचंदनं दोरी ओढली. फट्, फट्, फटफटफट!

"वा रे माह्या वाघा!" दुलीचंद टांग टाकून बसला. चिंचेपर्यंत मशीन झोकात गेली. चिंचेखाली खोकली आणि मेली.

"प्लगच नवा लागंल," महेंद्र म्हणाला आणि कुणीतरी पुरणपोळी खायला हाक मारली म्हणून निघूनही गेला.

मग आला मोतीलाल. राइस मिलचं डिझेल इंजिन सांभाळायचा, आवाज खणखणीत, पोळ्यात झडत्या, म्हणजे चिमटे काढणारी कवनं, म्हणायचा मान त्याचाच.

"दुलीभाऊ, हवा पकडली हिनं!"

"पेट्रोलच्या गाडीले हवा पकडते का गा?"

"इंजिन ते इंजिन. सरक." मोतीलालनंही आधी झाकण उघडून टाकीत पाहिलं, झाकण लावलं. मग एक नळी काढली, तिच्यात फुंकलं, तोंड वाकडं करून पेट्रोल थुंकला, नळी लावली. "आता मार दोरी!"

फटफटफट! मोतीलालनं मशीनच्या तालावर दोन गिरक्या घेतल्या. तिसरी घेईपर्यंत मशीन शाळेच्या भिंतीशी जाऊन निजली होती.

तिकडे ढोल वाजू लागले. बैलांच्या घुंगरांचा आवाज मारुतीच्या पाराकडे सरकत होता. मोतीलालला तर जावंच लागणार होतं. जाता जाता म्हणाला, "ढकलून पारापाशी आणून ठेव. मी पटलाले डोया मारतो."

"डोया नको मारू," दुलीचंद म्हणाला. "कबूल केलं ते केलं."

तो भिंतीला टेकून बसला. ललिता नवं लुगडं सावरत, चिखल चुकवत आली. तिनं नवऱ्याचा चेहरा पाहिला आणि ओठांवर आलेला टोमणा गिळला.

"पेट्रोल हाय ना पण?"

"दोघंही पाहून गेले."

"तिसऱ्यांदा पाहू." तिनं झाकण फिरवलं. फुस्स!

ललिता थबकली. "आत्ता हे सुस्कारा टाकून राह्यली, पाह्यलं का?"

"सुस्कारा तं मीही टाकून राह्यलो."

"थट्टा नोका करू. मी सकाळपासून दारातून पाहून राह्यली. जो येते तो झाकण उघडते, मंग हे चालते. झाकण लावून थोडी गेली का मरते. त्या महेंद्रानं नाही चालवली, ना त्या मोतीलालनं. झाकणानं चालवली!"

दुलीचंदनं झाकण हातात घेतलं. त्याच्या मधोमध हवा जायला सुईएवढं भोक असायचं. हवा आत गेली नाही तर पेट्रोल इंजिनात उतरत नाही. भोक कुठे दिसेना. तिथे पिवळा, घट्ट थर बसला होता. त्यानं नखानं खरवडून वास घेतला. तूप. तूप आणि हळद.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे तूप-हळदीनं चोळून शेकतात, वर्षभर जू वाहिलेल्या खांद्यांना आराम म्हणून. काल दुलीचंदनंही चोळले होते. मशीनचा खांदा कोणता यावर नवरा-बायकोचा बराच वाद झाला आणि शेवटी टाकीवर एकमत झालं.

"तरी म्या म्हटलं होतं, एक बोट लावा," ललिता म्हणाली. "तुमी वाटी उपडी केली!"

"वर्षभराचे कष्ट एका बोटात फेडू का वं?"

"मंग बसा आता, तिकडं ढोल वाजून राह्यले!"

तोवर तिनं कुंपणाच्या बाभळीचा काटा मोडून आणला होता. दुलीचंदनं भोक कोरलं, तिच्या पदराच्या टोकानं पुसलं, फुंकर मारली. पलीकडून हवा आली. झाकण लावलं आणि दोरी ओढली.

मशीन शाळा ओलांडून गेली. चक्कीही ओलांडली. दुलीचंद मागे वळून ओरडला, "चालते वं! चालून राह्यली!" आणि ललिता लुगडं वर खोचून मागे धावत सुटली.

पारासमोर रांग लागली होती. फटफट ऐकून बैल बुजले, एकानं तर पुढच्या माणसाची टोपी उडवली.

"बंद कर! बंद कर!" पटेल ओरडला.

"आपल्या पायानं आली ना, पटेल?"

"आली रे बाबा, आली! बंद कर!"

दुलीचंदनं इंजिन बंद केलं आणि रांगेच्या टोकाला उभा राहिला. मोतीलालला धीर कुठला? हात वर करून त्यानं झडती सोडली:

"चार पायांच्या रांगेत आला तीन पायांचा नंदी,
शेण देत नाही लेकाचा, धुराची करते धुंदी!"

"हर बोला हर हर महादेव!" गाव गरजलं. दुलीचंदनं छाती काढून उत्तर दिलं:

"शेण नाही देत माहा, शिंगही नाही मारत,
पटलाच्या बैलावाणी दुसऱ्याचं धान नाही चरत!"

आता मात्र पटेलही हसला. कुंकवाचं ताट घेऊन तो एकेका बैलाला टिळा लावत टोकाशी आला, मशीनसमोर क्षणभर थांबला आणि अंगठा बुडवून हेडलाइटच्या काचेवर उभा टिळा ओढला. दुलीचंदनं काहीतरी खुसखुशीत बोलायचं ठरवलं होतं. त्यानं नुसतं नाक ओढलं.

तोरण तुटलं, पोळा फुटला, बैल घरोघर निघाले. दुलीचंद हँडल धरून मशीन ढकलत चालू लागला.

ललिता धापा टाकत जवळ आली. "पुन्हा बंद पडली?"

"नाही. बंद नाही पडली."

"मंग बसून चला ना!"

"पोळ्याच्या दिवशी बैलावर कोणी बसते का?"

"अन् येताना बसून आलते ते?"

"तवा मशीन होती," दुलीचंद म्हणाला. "आता टिळा लागला."

ललितानं कपाळावर हात मारला. मग पदर कमरेला घट्ट खोचला आणि मागून दोन्ही हातांनी जोर लावला. "चला मंग. चिखलात हा तुमचा बैल लय जड हाय."