अण्णांचं जपानी चिलखत

ती पेटी घरात आली तेव्हा आईनं अण्णांशी बोलणंच टाकलं. अण्णा, म्हणजे माझे वडील, निलंग्याच्या आयटीआयमध्ये पत्र्याचं काम शिकवायचे. उदगीरच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी त्यांना जपानी सामुराईचं, म्हणजे तिकडच्या जुन्या लढवय्याचं, चिलखत त्या पेटीत घालून दुरुस्तीला दिलं होतं. गृहस्थांचे आजोबा निजामाच्या नोकरीत, त्यांना हैदराबादेत कुणा नवाबानं ते दिलेलं. दर खंडेनवमीला तलवारींसोबत त्याची पूजा व्हायची, आणि पूजेआधी ते चिंच-राखेनं घासून दिवसभर उन्हात ठेवायचे. आपल्याकडे एखादी वस्तू जपायची म्हणजे तिला ऊन दाखवायचं. त्यावरची जपानी लाख होती झाडाच्या चिकाची, दमट हवेत वाळणारी. आमच्या उन्हानं ती पापडासारखी उलली होती.

आईचा राग होता तो चिलखतासोबतच्या मुखवट्यावर. लोखंडी गाल, घोड्याच्या केसांच्या मिशा, आतून लालभडक. "पोराच्या डोळ्यापुढं असलं भूत नको," ती म्हणायची. पोरगं म्हणजे माझा धाकटा भाऊ, आमचं शेंडेफळ, नुकता शाळेत जायला लागलेला. तो कशाला भितोय? त्यानं मुखवट्याच्या हनुवटीखालच्या भोकात बोट घालून बघितलं आणि विचारलं, हे कामून? अण्णा म्हणाले, "घाम गळायला. लढताना माणूस लई घामेजतो."

संध्याकाळी अण्णा ओसरीवर ते सगळं मांडून बसायचे. छाती अखंड पत्र्याची नव्हतीच. बोटाच्या दोन पेरांएवढे शेकडो तुकडे, प्रत्येकाला भोकं पाडलेली, भोकांतून रेशमी गोफ ओवून ते कौलांसारखे एकावर एक अर्धे चढवलेले. वार जिथं बसायचा तिथं लोखंडी तुकडे, इतर ठिकाणी वजन कमी राहावं म्हणून कातड्याचे. बाह्यांना कापडावर शिवलेली कड्यांची जाळी, मांड्यांवर लोंबते पट्टे, पोटऱ्यांना वेगळे पत्रे. टोप तर पत्र्याच्या फाकी रिव्हेटनं जोडून केलेला. अण्णांचा जीव जडला त्यावर. "ह्या माणसानं सबंध अंगाचा इचार केलाय," ते म्हणायचे.

मग एका पहाटे आम्ही झोपेत असताना भूकंप झाला. आमचं घर निलंग्याजवळच्या खेड्यात. मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि वर माळवद, लाकडांवर हातभर माती. उन्हाळ्यात घर गार राहतं म्हणून आम्हीच त्याचं कौतुक करायचो. ते माळवद खाली आलं. आम्ही तिघं कसे बाहेर पडलो ते आजही सांगता येत नाही. भाऊ आत राहिला. लोकांनी ढिगारा उपसला तेव्हा आधी ती पेटी निघाली. टोपाला पोचासुद्धा आला नव्हता. त्यानंतर तो निघाला.

अण्णा रडले नाहीत. पेटीकडं बघत एवढंच म्हणाले, "मोकळं चिलखत वाचलं."

पेटी उदगीरला पोचती करून ते आले आणि स्वतःच चिलखत करायला बसले. तेलाचे डबे कापले, चांभाराकडून कातडं आणलं, नांदेडच्या पटवेकऱ्याकडून रेशमी गोफ. वर लाखेऐवजी हार्डवेअरच्या दुकानातला, 'जपान' नावाचा काळा रंग. तो कसाही वाळतो, पण अण्णा तो ओल्या गोणपाटाखालीच वाळवायचे. आम्हाला राहायला पत्र्याचं शेड मिळालं होतं, पण अण्णा झोपायचे बाहेर, पावसातसुद्धा. छताखाली झोपायचं नाही, मलाही झोपू द्यायचं नाही. एकदा मामा तोंडावर बोलला, "दाजी, बैल गेला आन् झोपा केला." मामा असला म्हणून काय झालं, त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली मला. अण्णा भोकं पाडत राहिले.

पुढं मी दहावी झाले, मार्कही चांगले पडले. लातूरला तेव्हा गल्लोगल्ली शिकवण्या निघालेल्या. पार हिमायतनगरकडची पोरं ट्रंका घेऊन उतरायची, आणि घरमालक मजल्यावर मजले चढवून खोल्या भाड्यानं द्यायचे. मुख्याध्यापक घरी येऊन सांगून गेले, पोरीला लातूरला टाका, डॉक्टर होईल. मला शिकायचं होतं. त्याहून जास्त, त्या ठकठकीतून जीव घेऊन पळायचं होतं. पण लातूर म्हणजे छत, आणि छतावर आणखी छतं.

अण्णा म्हणाले, "चिलखत पुरं होऊ दे. ते अंगात घालून झोपणार असशील तर जा."

आणि ते काही पुरं होईना. एक गोफ वाकडा गेला की अख्खी ओळ उसवायचे. प्रवेशाचे दिवस संपत आले. मी भांडले, जेवण टाकलं, पुस्तकं बाहेर फेकली. शेवटी आईनं त्यांचे पाय धरले. "अहो, एक मातीत गेलं. दुसरीला जितेपणी कामून गाडायलाव?" त्यानंतर अण्णांनी उसवलं नाही. मी मनाशी ठरवलं, घालू. खोलीतल्या पोरी हसल्या तर हसू देत.

चिलखत पुरं झालं त्या दिवशी अण्णांनी ते सतरंजीवर मांडलं. देखणं झालं होतं, खोटं कशाला बोलू. मी बाहीत हात घातला तो कोपराशीच अडला. दुसरी बाही घेतली, तीही तशीच. टोप डोक्यात उतरेना, नुसता वर टेकून राहिला. छातीचा भाग लावून बघितला तर माझी अर्धी छातीसुद्धा झाकेना. अण्णांनी माझं माप कधी घेतलंच नव्हतं. मला वाटायचं, नजरेनं घेतलं असेल. कुणाचं माप त्यांच्या हातात बसलं होतं, ते आम्हा तिघांना एकदमच कळलं.

आईनं त्या चिलखताला कधी हात लावला नव्हता. तिनं छातीचा भाग उचलून मांडीवर घेतला, रेशमावरून हात फिरवला. म्हणाली, "बराबर बसलं असतं त्याला."

अण्णा तेव्हा रडले. इतक्या दिवसांचं सगळं रडले, आई त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसली होती. मला काय करावं कळेना, मी टोप हातात धरून उभी. बऱ्याच वेळानं त्यांनी तोंड पुसलं आणि माझ्याकडं बघितलं.

"जा तू लातूरला," ते म्हणाले. "तुझ्या मापाचं मला जमायचं न्हाई."