नावं ठेवायचा तास

कुणी कौतुक केलं की ताईंचं डोकं फिरायचं. प्रदर्शनात बायका त्यांच्या टेबलाशी थांबायच्या, शर्ट उलटसुलट करून बघायच्या, ‘किती चांगलं काम करताय हो तुम्ही!’ म्हणायच्या, आजारी सासऱ्यांची आठवण काढून डोळे पुसायच्या आणि शर्ट जागेवर ठेवून निघून जायच्या.

‘आपण शर्ट बंद करू आणि रुमाल विकू,’ ताई धाकट्या बहिणीला म्हणायच्या. ‘डोळे पुसायला तरी घेतील.’

बहीण हसायची. विक्रीचं सगळं तिच्याकडे होतं आणि तिचा स्वभाव पाण्यासारखा होता, कुठल्याही भांड्यात बसणारा. ताईंचं तसं नव्हतं. मुलींच्या शाळेत शिवणकाम शिकवण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली होती. समोरच्याची टीप वाकडी आहे हे त्यांना दारातूनच दिसायचं, आणि दिसलं की बोलल्याशिवाय राहवायचं नाही.

धंदा सुरू झाला तो आप्पांमुळे. आप्पा म्हणजे त्यांचे वडील. जन्मभर कोर्टात कारकुनी केलेला, कडक इस्त्रीचा माणूस. अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात कायमचा गेला. तेव्हापासून रोज सकाळी आई त्यांच्या शर्टाची बटणं लावायची, आणि रोज सकाळी भांडण. एक काज चुकलं की आप्पा ओरडायचे, आईचे हात आणखी गडबडायचे, आणि शेवटी दोघंही घुश्शात दोन दिशांना तोंडं करून बसायची. घराचा दिवस असा सुरू व्हायचा.

ताईंनी एक शर्ट शिवला. वरून बटणं नेहमीसारखी, पण नुसती दिसायला. खाली वेल्क्रोची चिकटपट्टी. आप्पांनी तो डाव्या हाताने एकट्याने घातला, आरशासमोर बराच वेळ उभे राहिले, आणि फाटकापर्यंत फिरून आले. त्या सकाळी आई ओट्यापाशी नुसतीच उभी होती. हातांचं काय करायचं हे तिला सुचेना.

आणखी कितीतरी घरांत हेच चाललं असेल, असं ताईंच्या मनाने घेतलं. शाळेची नोकरी सोडून त्यांनी सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्या घेतल्या. जुन्या दाराचं कापायचं टेबल केलं, मशिनी आणल्या, घराजवळ काम हवं असलेल्या बायका जमवल्या. कापायला मास्तर आले. उभा जन्म कापडात गेलेला, कमी बोलणारा आणि जास्त कुरकुरणारा म्हातारा.

कपडे एका हाताने घालता यावेत आणि तरी चारचौघांत चारचौघांसारखे दिसावेत, एवढंच ताईंचं म्हणणं होतं. म्हणणं साधं होतं. ते ज्यांच्याकडून करून घ्यायचं ती माणसं साधी नव्हती. एकीने कॉलर उलटी लावली. दुसरीने निळ्या शर्टाला जांभळा दोरा वापरला आणि वर ‘उजेडात कळत नाही’ म्हणाली. मास्तरांनी बाह्या आखूड कापल्या आणि दोष कापडाला दिला. ताई दिवसभर गळ्यात छोटी कात्री अडकवून मशिनींमधून फिरायच्या, ज्याचं दिसेल त्याचं उसवायच्या आणि स्वतः शिवायच्या. घरी जाईपर्यंत पाठीचा कणा मोडलेला.

‘एक काम धड होत नाही तुमच्याकडून!’ एकदा त्या ओरडल्या.

खोलीत सगळ्यात मोठं तोंड जुळ्यांच्या आईचं. घरी दोन पोरं सांभाळून आलेली, कुणाला भीक न घालणारी. ती मशीन न थांबवता म्हणाली, ‘ताई, तुम्ही उसवणारच आहात. मग जीव कशाला काढायचा?’

ताईंच्या अंगाचा तिळपापड झाला. पण मागणी अंगावर होती. अर्धांगाच्या रुग्णांना व्यायामाचे उपचार देणाऱ्या एका इस्पितळाने पहिल्यांदाच मोठी मागणी दिली होती. त्यांनी राग गिळला आणि अर्धेअधिक शर्ट स्वतः पुन्हा शिवले. माल वेळेवर गेला.

काही दिवसांनी इस्पितळातल्या मुख्य नर्सबाईंचा फोन आला. ‘एकदा येऊन जा.’ शाबासकी असणार, असं बहिणीला वाटलं. दोघी गेल्या. व्यायामाच्या लांब खोलीत पुरुष भिंतीला धरून चालत होते, रबरी चेंडू दाबत होते. एकाच्याही अंगात त्यांचा शर्ट नव्हता. ते सगळे कपाटात, घडी न मोडलेले.

‘शिवण उत्तम आहे हो,’ नर्सबाई संकोचून म्हणाल्या. ‘पण घालतच नाहीत कुणी. तुम्हीच विचारा.’

खिडकीपाशी एक माणूस बसला होता. पूर्वी बसमध्ये कंडक्टर होता म्हणे. तो म्हणाला, ‘बाई, तुमचा शर्ट बोलतो.’

‘बोलतो?’

त्याने कपाटातला एक शर्ट मागितला, मांडीवर धरला आणि पट्टी खेचली. चर्रर्र! खोलीतली सगळी डोकी वळली.

‘बघितलंत? बटणं दिसायला लावलीत ना, माणसाची लाज राहावी म्हणून? आणि खाली ही दवंडी. जरा गळा सैल केला की शेजारच्याला कळतं, याला बटण लावता येत नाही.’

‘सवय होईल,’ ताई म्हणाल्या.

‘तुम्हाला होईल. तुम्हाला घालायचा नाहीये.’

बहिणीने ताईंचा हात दाबला नसता तर त्या आणखी काही बोलल्या असत्या. रस्ताभर त्या धुमसत होत्या. एवढं करायचं आणि वर ही नाटकं! घरी आल्या त्या थेट आप्पांसमोर उभ्या राहिल्या.

‘आप्पा, तुमचा शर्ट वाजतो?’

‘वाजतो,’ आप्पा म्हणाले.

‘मग मला सांगितलं का नाही?’

आप्पांनी वर्तमानपत्र बाजूला ठेवलं. ‘वाचनालयात एकदा उकाड्याने गळा सैल केला, तर सगळे मान वर करून बघायला लागले. त्यानंतर गेलो नाही मी.’

ताईंना वाटत होतं आप्पांनी वाचनालय सोडलं ते पायऱ्यांमुळे. ‘अहो, पण बोलायचं ना!’

‘तुला सांगायची सोय आहे का? मागे कॉलर टोचते म्हटलं, तर दोन दिवस अबोला धरलास आणि मग चार कॉलर घेऊन माझ्या छातीवर बसलीस. त्यापेक्षा वाजू दे म्हटलं.’

आई दारातून हळूच म्हणाली, ‘मीच म्हटलं यांना, पोरगी एवढी राबतेय, नका बोलू.’

दुसऱ्या दिवशी ताईंनी दुकानावरच्या खोलीत पाऊल टाकल्या टाकल्या विचारलं, ‘हा शर्ट वाजतो, हे कुणाकुणाला माहीत होतं?’

मशिनी थांबल्या. मास्तर चष्मा पुसत म्हणाले, ‘वाजणारच की. त्यात माहीत काय असायचं? मला वाटलं तुम्हाला चालतंय.’

‘मी बोलले होते,’ जुळ्यांची आई म्हणाली. ‘तुम्ही म्हणालात, तू तुझ्या मशिनीकडे बघ.’

नाकारावं असं ताईंना फार वाटलं. पण त्यांना तो दिवस आठवत होता, ते वाक्य आठवत होतं, आणि हातातली कात्रीसुद्धा. त्या आतल्या खोलीत जाऊन गठ्ठ्यावर बसल्या. बहीण मागून आली.

‘सगळे मिळून माझीच चूक काढा,’ ताई म्हणाल्या.

‘चूक नाही काढत गं. पण तुला इथे माणसं नकोतच, नुसते हात हवेत. हातांना तोंड नसतं, मग ते सांगणार कसे?’

ताई तिच्याशी संध्याकाळपर्यंत बोलल्या नाहीत. मात्र त्याच आठवड्यात त्यांनी जाहीर केलं की दर बुधवारी चहाच्या वेळी मशिनी बंद ठेवायच्या आणि सगळ्यांनी मालाला नावं ठेवायची. त्या वेळात आपण तोंड उघडणार नाही, असंही त्या कबूल करून बसल्या.

पहिल्या बुधवारी कुणी चकार शब्द काढला नाही. चहा गार झाला. शेवटी मास्तर म्हणाले, ‘पंखा कुरकुरतो.’ मग बांध फुटला. मोरीची कडी लागत नाही, खुर्चीला पाठ नाही, चहात साखर नसते.

‘मी शर्टाबद्दल विचारतेय!’ तोंड न उघडण्याची गोष्ट तिथेच संपली.

‘आधी पंखा बघा,’ जुळ्यांची आई म्हणाली. ‘मग शर्टाचं सांगू.’

एवढी नाटकं सहन करायला आपण कुणाचं काय घोडं मारलंय, असं पुटपुटत ताईंनी पंखा दुरुस्त करून आणला. कडी बसवली. साखरही आणली. पुढच्या बुधवारी खरंच शर्टाचं निघालं.

ताईंच्या मनात लोहचुंबकाची बटणं होती. ती बाद झाली, कारण बऱ्याच रुग्णांच्या छातीत हृदयाचं यंत्र बसवलेलं असतं आणि डॉक्टर चुंबक जवळ नको म्हणतात. हे नर्सबाईंना फोन केल्यावर कळलं. चेन एका हाताने खालून जुळेना. पँटच्या कमरेला असतो तसा चपटा हूक कुणीतरी सुचवला. कुणी, यावर अजून वाद आहे. मग सगळ्यांनी उजवा हात कापडाच्या पट्टीने कमरेला बांधला आणि डाव्या हाताने शर्ट घालून बघायला सुरुवात केली. मास्तर घामाघूम झाले, हुकाच्या सात पिढ्यांचा त्यांनी उद्धार केला. ताईंचाही हूक अडकेना. शाळेत इतक्या मुलींना शिकवलेल्या त्या बाई, एका हाताने हतबल होऊन, दात ओठ खात उभ्या होत्या. आप्पांना रोज असंच होतं, हे त्यांना तेव्हा पहिल्यांदा अंगाने कळलं.

हूक थोडा तिरपा लावला आणि खाली अंगठ्याला धरायला कापडाची जीभ दिली, तेव्हा तो बसला. आवाज न करता. इस्पितळाचे शर्ट परत आणून सगळ्यांनी मिळून बदलले. मधल्या काळात दोन महिने ओढाताणीचे गेले, आणि ताई रोज एकदा तरी कात्री गळ्यात घालायच्या, आठवण झाली की काढून ठेवायच्या.

कंडक्टरने नवा शर्ट घातला. आभार वगैरे मानले नाहीत. ‘बसलं की खालचा हूक पोटाला लागतो,’ एवढंच म्हणाला. ताईंनी तोंडावर आलेलं गिळलं आणि विचारलं, ‘किती वर घेऊ?’

पुढे बहिणीने त्यांना एका उद्योजक महिलांच्या सभेत उभं केलं. विषय नेतृत्वाचे पाच धडे. ध्येय कसं टिकवता, असं सूत्रसंचालिकेने विचारलं. ‘ध्येय टिकतं हो, त्याला काही खायला लागत नाही,’ ताई म्हणाल्या. ‘माणसाने आपल्या कामाला नावं ठेवली की ऐकून घ्यायचं, ते अवघड. मला अजून जमत नाही.’ टाळ्या पडल्या. मग सूत्रसंचालिका म्हणाली, ‘वा! आता उरलेले चार?’ ताई घरी आल्या त्या वैतागूनच.

आप्पा पुन्हा वाचनालयात जाऊ लागले. एका बुधवारी ते जिना चढून, प्रत्येक पायरीवर कुरकुरत, वर आले आणि खुर्ची ओढून बसले.

‘खिसा चुकीच्या बाजूला आहे,’ ते म्हणाले. ‘मला डावाच हात आहे. डाव्या हाताने डाव्या खिशातला चष्मा कसा काढायचा?’

इतके शर्ट शिवून झाले, आणि हे कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. ‘अहो, मग इतके दिवस...’ ताईंनी सुरुवात केली आणि वाक्य अर्ध्यावर सोडलं.

‘शर्टाचा खिसा डावीकडेच असतो,’ मास्तर म्हणाले. ‘सगळ्या जगात.’

‘जगाला दोन हात आहेत,’ आप्पा म्हणाले.

दोन्ही म्हातारे हट्टाला पेटले. मास्तर टेबलावर खडूने खिसा काढून दाखवू लागले, आप्पा काठीने तो पुसू लागले, बायका दोन्हीकडून तेल ओतू लागल्या. चहा निवला, बुधवारचा तास कधीच उलटून गेला. ताईंनी कपाळाला हात लावला. पण गप्प बसा, असं त्या कुणालाच म्हणाल्या नाहीत.