देवीपुढचा हॅनोवर

नेदरलँड्समधल्या आर्नहेमच्या जयंतीताईंना चाळिशीत नाण्यांचं वेड लागलं, आणि तेही कुठल्या, तर जर्मन! जर्मनी एक देश होण्याआधी तिथल्या जवळजवळ प्रत्येक संस्थानाचं आपलं चांदीचं नाणं असे, त्याला थालर म्हणत. नवरा श्रीकांतराव यांच्यामागोमाग डिपेंडंट व्हिसावर आलेल्या, घरी बसून कंटाळलेल्या या बाईंना जुन्या बाजारात सॅक्सनीचा एक थालर मिळाला आणि बाई कामाला लागल्या. पुढे नोकरी लागली तरी नाद सुटला नाही. पंधरा वर्षांत प्रशिया, बव्हेरिया करत बारा संस्थानं गोळा झाली. त्यातला हॅनोवर म्हणजे जीव की प्राण. दीडशे वर्षांत त्याच्यावर मोरपंखी झाक चढली होती, आणि जाणकार भुलतात ते त्या झाकेवरच.

यंदा नाणे-मंडळाच्या प्रदर्शनात ताईंना पहिल्यांदाच टेबल मिळालं होतं, आणि तिथल्या स्पर्धेत हॅनोवर उतरणार होता. दोनच दिवस आधी लक्ष्मीपूजन आलं. ऑफिसातून येऊन बघतात तर पाटावर हॅनोवर, टूथपेस्टने घासून लख्ख! श्रीकांतरावांनी हौसेने गाजवलेला पराक्रम. घासलेलं नाणं स्पर्धेतून बाद, हे ताईंकडून ऐकल्यावर श्रीकांतरावांचा चेहरा बघवेना. पण ताईंचा राग काही केल्या आवरेना.

"बारांतलं नेमकं हेच सापडलं तुला?"

"देवीपुढे घरातलं सगळ्यात चांगलं ठेवावं म्हटलं," ते खालमानेने म्हणाले. "तू याच्याबद्दलच सगळ्यात जास्त बोलतेस. हॅनोवरचा तो आंधळा राजा, अठराशे सहासष्ट साली गेलेलं त्याचं राज्य..."

ताई बघतच राहिल्या. पंधरा वर्षं त्यांना वाटत होतं, आपण बोलतो तेव्हा हा माणूस फोनमध्ये डोकं घालून बसलेला असतो. त्यांना रडू आलं, आणि ते नाण्यासाठी नव्हतं.

प्रदर्शनात अध्यक्ष वेसेल यांनी भिंगातून पाहून हॅनोवरला नियमाप्रमाणे स्पर्धेतून काढलं. ताईंनी ते टेबलावरून मात्र हलवलं नाही. श्रीकांतराव आयुष्यात पहिल्यांदाच तिथे आले होते. येईल त्याला मोडक्यातोडक्या डचमध्ये आंधळ्या राजाची गोष्ट सांगत होते, आणि सालं सर्रास चुकत होते. कॉफीचा कप घेऊन ताई शेजारी बसल्या होत्या. दिवसभरात त्यांनी एकही साल दुरुस्त केलं नाही.