चिंचेने घासलेला बँडसॉ

मिनियापोलिसहून विमान सुटलं तेव्हा मी चक्क यंत्रतज्ज्ञ होते. पदवी मेकॅनिकलची, नोकरी तिथल्याच ईडन प्रेरी उपनगरात स्प्रेडशीट रंगवण्याची, आणि लाकडाशी संबंध इतकाच की कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये एक जोड केला होता, तोही शेजारच्या मुलाने. पण स्टेट कॉलेज नावाच्या गावाहून वसंतकाकांचा फोन आला. "काकूचा बँडसॉ विकायचाय. किंमत काढायला ये. इंजिनिअर ना तू?" आमच्या घराण्यात मिक्सर बिघडण्यापासून सगळं इंजिनिअरच्याच गळ्यात पडतं.

बँडसॉ (दोन चाकांवर पट्ट्यासारखं फिरणारं करवतीचं पातं) सुधाकाकूने एका शाळेच्या बंद पडलेल्या वर्कशॉपमधून उचलला होता. माणसाहून उंच, ओतीव लोखंडाचा, कुणाच्या तरी पणजोबांच्या काळातला. त्यावर तिने गावातल्या निम्म्या मराठी घरांचे पाट आणि देव्हारे केले. हल्ली तिचे हात थरथरतात. अंगठ्याला टाके पडले तेव्हा काकांनी जाहीर केलं, यंत्र जाणार. काकू हो म्हणाली, पण भंगारात नाही.

छोट्याशा विमानतळावर मी पोहोचले, बॅग नाही. मापं घेण्याची उसनी हत्यारं तिच्यातच होती, म्हणजे विमान बदलताना माझं तज्ज्ञपण शिकागोत राहिलं. काकांनी वाटेत एका टपरीवजा दुकानात शूफ्लाय पाय (काकवीचं सारण भरून भाजलेला गोड पदार्थ) खाऊ घातला. बाहेर हिरव्यागार टेकड्या, रस्त्यावर मोटार न वापरणाऱ्या आमिश लोकांची घोडागाडी, आणि तिच्यामागे हॉर्न न वाजवता रांगेने चाललेल्या मोटारी. पुण्यातल्या माणसाला हे बघून गहिवरूनच येतं.

विमानात मी मोबाइलवर सगळी विद्या संपादन केली होती. ओतीव लोखंडाला तडा असेल तर किंमत घसरते, मोटार बदललेली असेल तर आणखी. सगळ्यात मोलाची ती कंपनीची पितळी पट्टी. तिच्यावरच्या नंबरावरून वय कळतं. गॅरेजमध्ये शिरले. तडा नव्हता, मोटार मूळची, आणि पट्टी आरशासारखी लखलखीत. तिच्यावर एक अक्षर शिल्लक नव्हतं.

"काकू, नंबर कुठे गेला?"

"कसला नंबर? दर दसऱ्याला चिंच-मीठ लावून तारेच्या घासणीने घासते मी. काळ्या पितळेवर हळदकुंकू वाहायचं का?"

दुसऱ्या दिवशी ट्रेलर घेऊन डेल नावाचा जुन्या यंत्रांचा संग्राहक आला. आम्ही त्याला पोहे दिले. त्याने पट्टीवरून बोट फिरवलं आणि कुणी वारल्याची बातमी कळावी तसा चेहरा केला. "नंबर असता तर दुप्पट दिले असते, मॅडम. आता फक्त कामाची किंमत."

"मग दुसरी कसली असते?" काकूने विचारलं.

डेल अभिमानाने म्हणाला, "माझ्याकडची यंत्रं मी चालवत नाही. पुसून ठेवतो."

काकू मराठीत कडाडली, "या मेल्याला द्यायचं नाही!"

"अगं, बोट जाईल तुझं एक दिवस!" काका ओरडले. मी पोह्यांची बशी खाली ठेवली.

काकू डेलसाठी चहा ओतायला लागली. थोडा कपात पडला, थोडा बशीत, उरलेला डेलच्या बुटावर. ती बुटाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "घेऊन जा बाबा. पण अधूनमधून चालव."

डेलने छातीवर हात ठेवून कबूल केलं. फक्त त्याला आधी यंत्र चालताना बघायचं होतं. काकूने फळी माझ्या हातात दिली आणि माझ्या बाजूला उभी राहिली. "ढकलू नकोस. त्याच्या वेगाने जाऊ दे. घाई कसली?" माझा काप फळीवरची रेघ सोडून भलतीकडेच गेला. काकूने फळी उलटसुलट करून पाहिली. "इंजिनिअरची किंमत कळली," ती म्हणाली. डेल पैसे मोजून, यंत्र ट्रेलरवर बांधून गेला.

दुसऱ्या दिवशी काका मला गाडीने सोडायला निघाले. विमानतळ दिसल्यावर म्हणाले, "काल तुझं लक्ष पात्याकडे होतं. मी तिच्याकडे बघत होतो. दोन्ही हात पाठीमागे घेतले होते तिने. एका हाताने दुसरा घट्ट धरून ठेवला होता, मशीन बंद होईपर्यंत."

ईडन प्रेरीतल्या मैत्रिणी विचारतात, "काय गं, किंमत बरोबर काढलीस ना?"

मी म्हणते, "यंत्राची काढली."