व्याह्याचा रुसवा आणि माझं इन्सुलिन

माणसाचा राग मला कळतो, पण लग्नातल्या वरपक्षाच्या रुसव्याची मला शिसारी आहे.

अकोल्यात ताईचं लग्न होतं. अक्षता पडल्या, ताटं वाढायला घेतली, तशी मी मांडवामागे लपून पोटात इन्सुलिन टोचून घेतलं. लपून, कारण माझा आजार त्या लोकांना सांगितलेला नव्हता. माझं स्वादुपिंड लहानपणापासून इन्सुलिन बनवतच नाही. तुमचं लागेल तेवढंच सोडतं, आणि रक्तातली साखर उतरली की ग्लुकागॉन नावाचं दुसरं संप्रेरक धाडून यकृतातली साठवलेली साखर बाहेर काढतं. माझ्याकडे ते ग्लुकागॉनही वेळेवर येत नाही. एकदा टोचलं की मला जेवावंच लागतं.

नेमका तेव्हाच नवरदेवाचा अमरावतीचा मोठा काका रुसला. टॉवेल-टोपी देताना त्याच्या आधी बडनेऱ्याच्या जावयाचं नाव पुकारलं, एवढंच कारण. स्वारी गाडीत जाऊन बसली. वाढपी थांबले. रांगोळी काढलेलं त्याचं एक ताट तेवढं वाढून तयार होतं आणि आमची सगळी माणसं गाडीभोवती हात जोडून उभी.

अर्ध्या तासाने माझे हात कापायला लागले, पाठ घामाने भिजली. ग्लुकोजची पुडी नवरीच्या खोलीत, आणि खोलीची किल्ली गाडीपाशी विनवण्या करणाऱ्या बाबांच्या खिशात. मी आईला गाठलं.

"आई, साखर उतरून राह्यली माही. इंजेक्शन घेतलं मी."

"हळू बोल. दोन मिनिटं थांब न माय, त्याइले बसू दे."

दोन मिनिटं कधीच उलटली होती. भटारखान्यापर्यंत पाय चालेनात. मी त्या रांगोळीतल्या ताटावर बसले आणि त्याची जिलबी तोंडात कोंबली. मग दुसरी. पाक हनुवटीवरून साडीवर गळत होता. त्या माणसाच्या मानापानाला मी मनातल्या मनात शिव्या घालत होते.

तेवढ्यात तो आलाच. "माह्या ताटावर हे कोन बसवली?"

माझी जीभ जड झाली होती, उत्तर देता येईना. मला वाटलं, आता तरी आई सांगेल. माझी साखर तपासायला वर्षानुवर्षं रात्री उठलेली आई.

ती वाकली, त्याच्या पायांना हात लावला.

"माफ करा भाऊ. पोट्टी मोठी अधाशी हाये आमची."