खड्डा बुजवला, तरी गाठ आलीच

मंडळी, दुपारपासून एक गोष्ट मी घरात लपवून ठेवली आहे.

आमचे आजोबा आणि बाबा, दोघेही आतड्यात कॅन्सरची गाठ होऊन गेले. दोघेही हातमागाच्या एकाच खड्ड्यात पाय सोडून लुगडी विणायचे. लोक म्हणाले, खड्डा बाधला. मोठ्या भावाने, म्हणजे दादाने, तो बुजवून नवा खणला. मी तर मागावर बसलोच नाही. गावोगाव भटकलो आणि वाटलं, आपण सुटलो.

आज दादाला दवाखान्यात पाहायला निघालो. इतवारीच्या बाजारात अस्वलाचा खेळ लागला होता, तिथेच रेंगाळलो. पोचलो तेव्हा पिढ्यान्‌पिढ्या गाठी होणाऱ्या घराण्यांचा अभ्यास करणारे डॉक्टर दादाच्या खाटेशी बसले होते. त्यालाही गाठच निघाली.

डॉक्टर मला म्हणाले, "खड्ड्याचा काही संबंध नाही. हे आईबापांकडून रक्तात येतं. तुझ्यातही असू शकेल. उद्या तपासायला ये, बहिणीलाही आण."

दादा हसला. "घे गा, फुकटच पळत राहिला तू!"



घरी बहीण शेवंता दारातच होती. "दादा कसा हाये? अन् तुझं तोंड असं काहून उतरलं?" असं म्हणत तिने आपलं तान्हं पोर माझ्या हातात दिलं.

मी म्हणालो, "बरा आहे." पोराच्या पोटावर हात ठेवायची हिंमत झाली नाही.

तुम्ही माझ्या जागी असता, तर आजची रात्र तिला काही न सांगता झोपू दिलं असतं का?