तनाकांच्या दुकानातली साल

औशाच्या बसस्टँडवर सोलापूरची गाडी लागली तेव्हा अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, बॅग स्वतः वर चढवली आणि खाली उतरून खिडकीशी उभे राहिले. माझी आई, अव्वा, डोळे पुसत होती. अप्पा मात्र माल परगावी पाठवताना शेवटचा पाहून घ्यावा तसे माझ्याकडे पाहत होते. गाडी हलली तेव्हा एवढंच म्हणाले, "बाकी काय बी कर. खाण्याचं तेवढं सांभाळ." आम्ही लिंगायत. गळ्यात लिंग असलेल्या माणसाच्या ताटात मांस-मासळी येत नाही, हे औशातल्यांना मी सांगायला नको.

नऊ वर्षं झाली त्याला. मी जपानात, नागोयाजवळच्या एका लहान गावात राहते, मोटारीचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात कॉम्प्युटरचं काम करते. गावाकडून फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, तिथं खातेस काय? इतकी वर्षं मी भात-वरण सांगून वेळ मारून नेली. आज खरं लिहिते.

पहिले दोन महिने अव्वाने दिलेल्या येसराची, म्हणजे भाजलेल्या डाळी-मसाल्यांच्या पिठाची, आमटी आणि भात खाऊन काढले. येसर संपलं. स्टेशनजवळ तनाका नावाच्या म्हाताऱ्या नवरा-बायकोचं सोबाचं दुकान होतं. सोबा म्हणजे करड्या रंगाच्या लांब शेवया. वाटीतल्या काळपट रश्शात बुडवून खायच्या. एका दुपारी मी दारातून डोकावले. मांस दिसत नव्हतं, अंडं दिसत नव्हतं. तनाका आजोबा गल्ल्याशेजारी एका लाकडी खोक्यावर टणक, काळपट तुकडा किसत होते आणि त्याचे पातळ गुलाबीसर पापुद्रे निघत होते. वास धुराचा. मी मसालेवाल्याची पोर. दालचिनी, दगडफूल, नागकेशर डोळे मिटून ओळखणारी. ही कुठल्या तरी झाडाची साल, असं मी ठरवूनच टाकलं. विचारायची गरजच वाटली नाही, इतकी मी शहाणी.

शेवया संपल्या की तनाका आजी उरलेल्या रश्शात शेवयांचं गरम पाणी ओतत आणि पिऊन टाक म्हणून खूण करत. आमच्याकडे जुनी माणसं जेवण झालं की ताटात पाणी घालून, ताट धुऊन ते पितात, अन्नाचा कण वाया जाऊ नये म्हणून. आजींनी पहिल्यांदा ते पाणी ओतलं तेव्हा मला रडू आलं. मग मी दर शनिवारी जायला लागले. मला उशीर झाला की आजी दारात येऊन उभ्या राहत. त्या अख्ख्या गावात माझी वाट बघणारं दुसरं कोणी नव्हतं.

अप्पांना मी फोनवर त्या सालीचं फार कौतुक सांगितलं. अप्पा व्यापारी, त्यांनी लगेच नमुना मागितला. तो घ्यायला मी दुकानात गेले तेव्हा सोबत ऑफिसातली मैत्रीण होती. तिने मला समजावून सांगितलं की ही साल नाही, धुरी देऊन वाळवलेला मासा आहे आणि सगळा रस्सा त्याचाच असतो. खोलीवर येऊन मी उलटी काढायचा प्रयत्न केला. झाली नाही.

इथवर तुम्ही मला माफ कराल. पुढचं सांगणं अवघड आहे. त्यानंतरच्या शनिवारी मी गेले नाही, आणि त्याच्या पुढच्या शनिवारी गेले. माहीत असून खाल्लं, आणि जवळजवळ वर्षभर खात राहिले. मासा हवा होता म्हणून नाही. नको म्हटलं तर आजी दारात उभ्या राहायच्या थांबतील, याची भीती होती. शेवटी धीर करून सांगितलं तर आजोबांनी नुसती मान हलवली, आणि पुढच्या खेपेपासून माझ्यासाठी समुद्री शेवाळ आणि वाळवलेल्या अळंब्यांचा रस्सा वेगळ्या पातेल्यात करायला लागले. इतकं सोपं होतं ते. अप्पांना मात्र मी ठोकून दिलं की विमानात साल आणू देत नाहीत.

गेल्या वर्षी अप्पा-अव्वा महिनाभर माझ्याकडे आले. पहिल्याच शनिवारी अप्पांना ते दुकान बघायचं होतं. आजोबांनी आमचं पातेलं वेगळं ठेवलं होतंच. अव्वा काड्या बाजूला सारून बोटांनी जेवली. अप्पांनी गरम पाणी पिऊन वाटी लख्ख केली, मग उठले आणि खोक्यावरचा तो तुकडा उचलून, दुकानातल्या सवयीने, नाकाशी धरला. लगेच खाली ठेवला. हात धुतले आणि बाहेर पडले.

घरी आल्यावर म्हणाले, "मासळी हाय ती. कळल्यावर बी खाल्लीस?"

"हाव अप्पा. वरीसभर."

का, ते सांगायला लागले तर त्यांनी हात वर करून मला थांबवलं. दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. अव्वाने वाढलेलं जेवले, माझ्या हातचं घेतलं नाही. औशाला गेल्यावर अप्पा मला पंगतीत आपल्या शेजारी बसवतील की नाही, एवढंच माझ्या डोक्यात फिरत होतं. त्यापुढे नोकरी, व्हिसा सगळं फुटकळ वाटत होतं. भाजी निवडताना मी अव्वाजवळ सगळं ओकून टाकलं, दारात उभ्या राहणाऱ्या आजींचंही.

तिसऱ्या दिवशी सकाळी अप्पा टोपी घालून तयार. त्या म्हाताऱ्याकडं चल म्हणाले. मला वाटलं, भांडणार. वाटभर मी सांगत राहिले की त्यांची चूक नाही, मीच विचारलं नव्हतं. अप्पा पुढे चालत होते. आजोबा दाराची काच पुसत होते. अप्पा त्यांच्यासमोर थांबले, हात जोडून वाकले आणि म्हणाले, "शरणार्थ."

आमच्यात हा नमस्कार आपल्या माणसाला करतात. इतरांना अप्पा रामराम घालतात. आजोबांना त्यातलं काही कळलं नसावं, पण ते अप्पांहून खाली वाकले. मग अप्पा आणखी वाकले, आणि आधी सरळ कोण होतो याची वाट बघत दोघे म्हातारे तसेच राहिले. आजी बाहेर येऊन हसायला लागल्या.

परतताना अप्पा म्हणाले, "तू केलंस ते मला पटलं न्हाई. पटणार बी न्हाई. पण परक्या मुलखात माझ्या पोरीची वाट बघणारं कुणी हाय, त्याला हात जोडायचे राहिले हुते." थोडं चालून पुन्हा, "आन् इमानात साल आणू देत न्हाईत म्हनं."

त्या दुपारी त्यांनी ताट माझ्या बाजूला सरकवलं आणि "वाढ" म्हणाले.

या नऊ वर्षांत मी औशाला चार वेळा येऊन गेले. दर वेळी जपून बोलले, जपून बसले, चोरून आणलेलं काही पदराखाली असल्यासारखी. सगळ्यांनी कौतुक केलं आणि मी पाहुणीसारखी परत गेले. यंदा दिवाळीला येते आहे. या वेळी घरी येते आहे.